सोबतकाठी

नदीचं नाव सोबत.
तिथं कुणालाच ठाऊक नाही
माझ्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो.
अर्धं गाव पुरानं नेलं, उरलेलं बंदुकांनी,
आणि जे वाचले ते या बंधाऱ्यावर,
पांढऱ्या प्लास्टिकखाली.

गाटबेलची प्रयोगशाळा म्हणजे एक तंबू,
एक टेबल, वाळवी चढू नये म्हणून
टेबलाच्या पायांखाली रॉकेलच्या चार वाट्या,
एक सूक्ष्मदर्शक,
आणि जुन्या चपलेचं रबर कापून
त्याच्या डोळ्यावर बसवलेला मोबाइल.

मुलगी न्याकोंग. वय आई सांगते:
"मोठ्या पुराच्या आधीची."
महिनाभर ताप. पोट असं, की बरगड्यांखाली
कुणी धोंडा लपवलाय.
मलेरियाची पट्टी: नाही.
कालाझारची पट्टी: तीही नाही.
कालाझार, इथं सगळे एका दमात म्हणतात.
काळा आणि आजार, आपल्याकडचे दोन शब्द
इतक्या लांब येऊन, झिजून, एक झालेत.

जांघेतल्या गाठीतून सुईनं थेंबभर काढलं.
काचेवर पसरलं, रंगवलं,
तेलाचा थेंब सोडून
शंभर पटींचं भिंग त्यात उतरवलं.
डोळ्यांत तेल घालून पाहणं
हा इथं वाक्प्रचार नाही.

जांभळे ठिपके. पुष्कळ.
फारच पुष्कळ.
त्यानं फोटो पाठवायला घेतले.
बॅटरी उन्हाच्या भरवशावर, ऊन ढगांच्या,
एकेक फोटो वर चढायला अर्धा तास,
आणि पडद्यावर फिरणाऱ्या त्या गोल रेघेकडे
न्याकोंगची आई अशी बघत बसलेली,
जणू ज्वारी शिजतेय.

कैरोत, पाचव्या मजल्यावर,
भाड्याच्या खोलीत डॉक्टर सित्तना.
खार्टूममधली तिची प्रयोगशाळा लुटली
तेव्हा भिंगं नेली त्यांनी,
काचा नुसत्याच फोडल्या.
आता ती दुसऱ्यांच्या काचा वाचते,
ओट्याशी उभी राहून, चहा उतू जाऊ देत.

उत्तर आलं:
"हे परजीवी नाहीत. हा रंगाचा गाळ आहे.
पाणी कुठलं वापरलंस?"
नदीचं.
"उकळ, गाळून घे, पुन्हा रंगव.
आणि कडेला शोध. मध्ये गर्दी असते,
गर्दीत कुणी ओळखू येत नाही."

गाटबेलला राग आला.
बेचाळीस काचा बाकी होत्या,
जळण ओलं होतं,
आणि कैरोत नळाला पाणी येतं.
तरी त्यानं उकळलं.

संध्याकाळी, थराच्या अगदी कडेला,
एका पेशीच्या पोटात
एक टिंब आणि शेजारी एक काडी,
पाटीवर पहिल्यांदाच काही गिरवावं
तितकं वेडंवाकडं.
मग दुसरं. तिसरं.
त्यानं फोटो पाठवला, सोबत काही लिहिलं नाही.
रात्री दोन वाजता: "हो. सुरू कर."

सतरा दिवस, रोज दोन सुया.
सहाव्या दिवशी तिनं मासा मागितला.
शेजारच्या चटईवरच्या मुलाचा फोटो
वेळेत गेला नाही. तीन दिवस आभाळ बंद होतं.
त्याचंही उत्तर आलं, "हो. सुरू कर."
ते अजून मोबाइलमध्ये आहे.

अठराव्या दिवशी आईनं विचारलं,
त्या बाईनं पाहिलं का माझ्या मुलीला?
पाहिलं, गाटबेल म्हणाला. आतून. थेंबभर.
"मग बाहेरूनही दाखव."

त्यानं मोबाइल चपलेच्या रबरातून सोडवला.
न्याकोंग हसायचं की नाही या विचारात,
तेवढ्यात फोटो निघाला.
वरून खाली जात राहिला तो:
पांढरं प्लास्टिक, केस, कपाळ, एक डोळा,
आणि ढग आले.

कैरोहून दोन ओळी:
"अर्धीच पोचलीय.
उरलेली पाठव."